प्रतिसाद: आधी विमा, मग शेती

क्लायमेट कॉर्पोरेशन ही अमेरिकी कंपनी पहिल्यापासून शेतीच्याच सॉफ्टवेअरची, असं ज्या मजकुराला हा प्रतिसाद आहे त्यात म्हटलंय. तसं नाही. 2006 मध्ये ती 'वेदरबिल' नावाने निघाली, हवामानाने धंदा बुडू शकणाऱ्या कुणालाही विमा विकायची. शेतीवर भर नंतर आला, 2013 मध्ये मोन्सँटो या बियाणे कंपनीने ती घेतली.

पण असा विमा उभा राहतो पावसापाण्याच्या मोजमापावर, आणि मराठवाड्यात घोडं तिथंच पेंड खातं. महावेध म्हणजे राज्याचा स्वयंचलित हवामान केंद्रांचा प्रकल्प; त्याचं केंद्र साधारण महसूल मंडळाला, म्हणजे अनेक गावांच्या गटाला, एक. पाऊस मात्र शिवारागणिक वेगळा. त्यात पर्जन्यमापकाच्या गाळणीत धूळ, पाखरांची घाण साचली की पाणी झिरपत उतरतं आणि जोरदार सर नोंदीत रिमझिम दिसते. गाळणी पावसाळाभर साफ ठेवा. शिवारात साधा मापकही लावा, रोज सकाळी साडेआठला वाचा, 2.5 मिमीच्या खालचा दिवस हवामान खातं पावसाचा धरत नाही.