कर आणि आरोग्य कायदा : अमेरिकेत शिक्षण आणि सुरुवातीची वकिली

पुणे_ते_एडिसन
नमस्कार. पुण्यात एलएलबी केल्यावर मी काही वर्षे प्राप्तिकराच्या अपिलांची कामे पाहिली. आता न्यू जर्सीत स्थायिक झाले आहे आणि कामाचा परवानाही आहे. कर विषयात एलएलएम करावे असे मनात आहे, परंतु परिचित वकिलांच्या मते नवख्यांना रुग्णालयांच्या बाजूला लवकर संधी मिळते. हे दोन्ही विषय मिळून चालणारी वकिली असते का, आणि असल्यास सुरुवात कोठून करावी?

जुनी_फाईल
असते, आणि तिचे मूळ रुग्णालयांच्या करमाफीत आहे. येथील अनेक मोठी रुग्णालये धर्मादाय संस्था म्हणून प्राप्तिकरातून मुक्त आहेत. १९५६ च्या नियमानुसार त्यासाठी कुवतीप्रमाणे गरिबांवर मोफत किंवा सवलतीत उपचार करणे अपेक्षित होते. १९६९ मध्ये आयआरएसने (अमेरिकेच्या केंद्रीय करखात्याने) ते बंधन सैल करून समाजाला होणाऱ्या लाभाचा व्यापक निकष आणला. आणि २०१० च्या अफोर्डेबल केअर ॲक्टने दर तीन वर्षांनी परिसरातील आरोग्यगरजांची पाहणी, लेखी अर्थसाहाय्य धोरण आणि थकबाकी वसुलीवर मर्यादा अशा नव्या अटी घातल्या. पाहणीची अट मोडल्यास ५०,००० डॉलरचा कर बसतो. आपल्याच राज्यात २०१५ मध्ये कर न्यायालयाने मॉरिसटाउन येथील रुग्णालयाच्या बहुतांश मालमत्तेची करमाफी नाकारली होती, कारण तेथील धर्मादाय आणि नफ्याचे व्यवहार एकमेकांपासून वेगळे काढता येत नव्हते. अपिलांचा अनुभव असलेल्या व्यक्तीने तो निकाल अवश्य वाचावा.

बारची_तयारी
विषय निवडण्याआधी वकिलीच्या परवान्याचा विचार करावा, असे माझे स्पष्ट मत आहे. परदेशी पदवीधरांना न्यूयॉर्कचा मार्ग तुलनेने मोकळा आहे. तेथील परीक्षा मंडळाकडून आधी आपल्या पदवीची तपासणी करून घ्यावी. तीत उणीव निघाली, तर किमान २४ क्रेडिटचे एलएलएम लागते आणि त्यात वकिली आचारनीती, कायदेशीर संशोधन व लेखन, अमेरिकी कायद्याची ओळख आणि बार परीक्षेचे (वकिलीच्या परवान्याच्या परीक्षेचे) काही विषय असावेच लागतात. निव्वळ कराच्या एलएलएममध्ये हे सारे आपोआप बसेल असे गृहीत धरू नये. न्यूयॉर्क विद्यापीठ आणि जॉर्जटाउन येथील कराचे अभ्यासक्रम नावाजलेले आहेत, आरोग्य कायद्यासाठी ह्यूस्टन आणि सेंट लुईस. पण प्रवेशाआधी विषयांची जुळणी विद्यापीठाकडून लेखी मागून घ्यावी.

पुणे_ते_एडिसन
दोघांचेही आभार. पदवीच्या तपासणीचे मला ठाऊक नव्हते. पहिल्या एक-दोन वर्षांत कनिष्ठ वकिलाच्या हाती प्रत्यक्षात कोणते काम येते?

करारांचा_गठ्ठा
वरील उत्तरांना थोडा छेद देतो. करमाफीचे मोठे वाद नवख्याच्या वाट्याला क्वचितच येतात. हाती येतात ते डॉक्टरांचे नोकरीचे करार. रुग्णालयाच्या कारभारावर प्रभाव असलेल्या विभागप्रमुखाला वाजवीपेक्षा जास्त वेतन दिले गेले, तर करकायद्याच्या कलम ४९५८ खाली जास्तीच्या रकमेवर त्याला २५ टक्के, आणि चूक मुदतीत दुरुस्त न केल्यास २०० टक्के कर भरावा लागतो. तोच करार स्टार्क कायद्याखालीही (डॉक्टरांनी आर्थिक संबंध असलेल्या ठिकाणी रुग्ण पाठवण्यावर बंधने घालणारा कायदा) तपासावा लागतो, कारण मेडिकेअरचे (मुख्यतः ज्येष्ठांसाठीच्या सरकारी आरोग्यविम्याचे) रुग्ण पाठवण्याशी वेतनाचा संबंध दिसला तर तेथे हेतू सिद्ध करण्याचीही गरज नसते. रुग्ण पाठवण्यासाठी मोबदला देण्याघेण्यास मनाई करणाऱ्या लाचविरोधी कायद्यात मात्र हेतूच निर्णायक ठरतो. एका आकड्याकडे तिन्ही बाजूंनी पाहण्याची सवय याच काळात लागते, आणि ती वर्गात फारशी लागत नाही, मग एलएलएम कोणतेही असो. तुमचे प्राप्तिकराचे काम येथे वाया जाणार नाही, कारण वेतन वाजवी कसे ठरवले याची टिपणे आणि तुलनेचे आकडे फाईलवर ठेवणे हेच निम्मे काम आहे. करमुक्त संस्थांचे फॉर्म ९९०, म्हणजे त्यांची वार्षिक विवरणपत्रे, सर्वांना पाहता येतात. तुमच्या जवळच्या एखाद्या रुग्णालयाचा मागवा आणि त्यातील शेड्यूल एच (रुग्णालयांसाठीचे परिशिष्ट) व अधिकाऱ्यांच्या वेतनाची पाने शेजारी ठेवून वाचा. मुलाखतीत त्यावर चार वाक्ये नीट बोलता आली, तर समोरचा वकील कान टवकारतो.