विषय: हमी संपलेल्या लॅपटॉपची ग्राफिक्स चिप आणि गणेशोत्सवाचा प्रोजेक्टर

प्रेषक: निमंत्रक, सांस्कृतिक समिती
दिनांक: १८ ऑगस्ट २०२४

इंग्लंडमधल्या आपल्या मंडळाच्या सर्व सभासदांना स. न. वि. वि.

गणेश चतुर्थी ७ सप्टेंबरला आली आहे आणि आरत्यांचे शब्द, मुलांच्या नाटुकल्याची पार्श्वचित्रे व जुन्या उत्सवांची छायाचित्रे ज्या लॅपटॉपवरून आपण दरवर्षी पडद्यावर दाखवतो, तो माझा लॅपटॉप नेमका याच महिन्यात आजारी पडला आहे. सुरू केल्यावर पंधरा-वीस मिनिटे तो नीट चालतो. मग पडद्याच्या उजव्या बाजूला पैठणीच्या काठासारखी हिरव्या-जांभळ्या चौकड्यांची उभी पट्टी उमटते, पंखा मोठ्याने फिरू लागतो, पडदा क्षणभर काळा होतो आणि परत आल्यावर डिस्प्ले ड्रायव्हर (ग्राफिक्स चिप चालवणारी आज्ञावली) थांबल्याची सूचना दिसते. व्हिडिओ लावला की हे सारे पाच मिनिटांतच घडते.

नोव्हेंबर २०२१ मध्ये मी तो ११४९ पौंडांना घेतला. एक वर्षाची हमी संपून पावणेदोन वर्षे होत आली. दुकानाला फोन केला तर 'हमी संपली आहे, आता उत्पादकाशी बोला' एवढेच उत्तर मिळाले. उत्पादकाच्या केंद्राने यंत्र न उघडताच मदरबोर्ड, म्हणजे आतला मुख्य सर्किट बोर्ड, बदलावा लागेल असे सांगून ६४० पौंडांचा अंदाज दिला. एवढा खर्च करावा, की यंत्र भंगारात काढावे, की आणखी काही मार्ग आहे, हे जाणकारांनी कृपया सांगावे.

आपली,
निमंत्रक, सांस्कृतिक समिती

---

प्रेषक: ग्रंथालय विभागातील एक सभासद
दिनांक: १९ ऑगस्ट २०२४

ताई, सप्रेम नमस्कार.

६४० पौंडांना होकार देण्याआधी आपल्या दोन संध्याकाळी या कामाला द्याव्यात, असे मी आग्रहाने सुचवतो. पडद्यावर पट्टी दिसणे हे लक्षण झाले, निदान नव्हे. तशीच पट्टी खराब पडद्यामुळे, बिजागरीतून जाणाऱ्या केबलमुळे, बिघडलेल्या ड्रायव्हरमुळे आणि पडद्यावरचे चित्र तयार करणाऱ्या खुद्द ग्राफिक्स चिपमुळेही येऊ शकते, आणि या चौघांच्या दुरुस्तीखर्चात जमीन-अस्मानाचे अंतर आहे.

सर्वांत आधी आपल्या सगळ्या फाइली बाहेरच्या डिस्कवर उतरवून घ्या. त्यानंतर पट्टी दिसत असतानाच स्क्रीनशॉट घ्या आणि तो फोनवर उघडून पाहा. चित्रात पट्टी नसेल तर चित्र तयार होताना बिघडलेले नाही, पडद्यापर्यंत जाताना बिघडले आहे, आणि मग पहिला संशय केबलवर व पडद्यावर घ्यावा. पट्टी चित्रातही उमटली असेल तर पडदा निर्दोष आहे. हाच पडताळा बाहेरचा मॉनिटर जोडूनही घ्या, आणि झाकण सावकाश पुढे-मागे करताना पट्टी हलते किंवा जाते का, तेही पाहा, कारण तसे होत असेल तर दोष बहुधा बिजागरीतल्या केबलचा असतो.

यंत्र सुरू होताना उत्पादकाचे बोधचिन्ह दिसते, त्या वेळी विंडोज आणि तिचा ड्रायव्हर अजून जागे झालेले नसतात. पट्टी तिथेच दिसली तर ड्रायव्हर दहा वेळा बदलूनही उपयोग व्हायचा नाही. मात्र बोधचिन्ह स्वच्छ दिसले म्हणून चिप निर्दोष ठरत नाही. आपल्यासारख्या यंत्रांत दोन ग्राफिक्स असतात, एक प्रोसेसरमध्येच सामावलेले आणि दुसरे स्वतंत्र चिपचे, आणि ते पहिले चित्र बहुधा प्रोसेसरमधले ग्राफिक्सच काढते.

यावरूनच खरी परीक्षा सुचते. ड्रायव्हर पूर्ण काढून उत्पादकाच्या संकेतस्थळावरचा नव्याने बसवा. तरीही त्रास राहिला, तर विंडोजच्या डिव्हाइस मॅनेजरमध्ये जाऊन स्वतंत्र ग्राफिक्स 'डिसेबल' करा आणि दोन दिवस तसेच काम करा. त्याच्या नावापुढे पिवळा त्रिकोण आणि कोड ४३ दिसत असेल तर उपकरणानेच स्वतःविषयी तक्रार केली आहे, असा त्याचा अर्थ. या दोन दिवसांत एकदाही पट्टी आली नाही की चोर सापडला म्हणायला हरकत नाही. पत्रव्यवहार, स्लाइड, यूट्यूब एवढ्या कामाला प्रोसेसरमधले ग्राफिक्स पुरते, फक्त व्हिडिओ संपादन रेंगाळेल. हवे तर पंख्याच्या जाळीतली धूळही एकदा काढून घ्या.

एक गोष्ट आताच सांगून ठेवतो, नाहीतर ऐन आरतीच्या वेळी फजिती होईल. कित्येक लॅपटॉपांत एचडीएमआयचे, म्हणजे प्रोजेक्टरची केबल लावायचे, तोंड थेट स्वतंत्र चिपला जोडलेले असते. ती चिप बंद केली की लॅपटॉपचा स्वतःचा पडदा उत्तम चालतो, पण प्रोजेक्टर अंधारात राहतो. अशा वेळी यूएसबीवर चालणारे डिस्प्लेलिंक जातीचे अडॅप्टर कामाला येते, कारण त्याला त्या चिपची गरजच लागत नाही.

हे दुखणे नवे नाही. चिपमधला सिलिकॉनचा तुकडा आणि त्याखालची पट्टिका तापल्यावर सारख्या प्रमाणात प्रसरण पावत नाहीत. त्यामुळे दर वेळी यंत्र तापून निवताना दोघांना जोडणाऱ्या सोल्डरच्या (डाख देण्याच्या धातूच्या) सूक्ष्म गाठींवर ताण येतो आणि काही हजार वेळा असे झाल्यावर एखादी गाठ तडकते. यंत्र गार असताना तडा मिटलेला असतो, तापले की उघडतो. आपली पंधरा-वीस मिनिटे या वर्णनात चपखल बसतात. २ जुलै २००८ रोजी ग्राफिक्स चिप बनवणाऱ्या एनव्हिडिया कंपनीने स्वतःच जाहीर केले की लॅपटॉपसाठीच्या तिच्या काही जुन्या चिपांच्या बांधणीतील साहित्य कमकुवत निघाले असून त्यापायी १५ ते २० कोटी डॉलरचा बोजा ती हिशेबात धरत आहे. पुढे फेब्रुवारी २०१५ मध्ये ॲपलने २०११ सालच्या पंधरा व सतरा इंची मॅकबुक प्रोंसाठी, हमी कधीच संपलेली असूनही, याच प्रकारच्या दोषाची मोफत दुरुस्ती सुरू केली आणि ज्यांनी आधी पैसे भरले होते त्यांना ते परत देऊ केले. तेव्हा आपल्या मॉडेलसाठी अशी काही योजना निघाली आहे का, हे उत्पादकाच्या संकेतस्थळावर अनुक्रमांक घालून जरूर तपासा.

कळावे,
ग्रंथालय विभाग

---

प्रेषक: एक सभासद, स्लाव (Slough) गाव
दिनांक: २० ऑगस्ट २०२४

ताई आणि काका, नमस्कार.

माझ्या जुन्या लॅपटॉपला हेच झाले होते. इंटरनेटवरची कृती पाहून मी त्याचा मदरबोर्ड बाहेर काढला, फॉइलच्या चार गोळ्यांवर ठेवला आणि ओव्हनमध्ये २०० अंशांवर आठ मिनिटे भाजला. थट्टा वाटेल, पण यंत्र पुन्हा सुरू झाले आणि सहा आठवडे चालले. हा उपाय नको असेल तर डिसेंबरात मी मुंबईला जाणार आहे. लॅमिंग्टन रोडवर रीबॉलिंग (चिपखालचे सोल्डर नव्याने बसवण्याचे काम) करणारे कुशल कारागीर आहेत आणि इथल्या मानाने ते फारच थोडे पैसे घेतात. लॅपटॉप मी आनंदाने सोबत नेईन.

आपला,
स्लावचा सभासद

---

प्रेषक: ग्रंथालय विभागातील एक सभासद
दिनांक: २० ऑगस्ट २०२४

स्लावच्या मित्रास,

आपल्या धाडसाचे कौतुक वाटते, पण सहा आठवड्यांनी काय झाले हेही लिहायला हवे होते. पूर्वीचे शिसेमिश्रित सोल्डर १८३ अंशांना वितळे. युरोपात १ जुलै २००६ पासून शिशावर निर्बंध आल्यानंतर बोर्डांवर जे सोल्डर सर्रास वापरले जाऊ लागले, त्याला वितळायला सुमारे २१७ अंश लागतात. म्हणजे आपल्या २०० अंशांवर बोर्डावरचे काहीही वितळले नव्हते. चिपच्या पोटातल्या तडकलेल्या गाठी उष्णतेने दाबल्या जाऊन तात्पुरत्या टेकल्या, आणि पुन्हा तापण्या-निवण्याच्या फेऱ्यांत सुटल्या. ज्या ओव्हनमध्ये नानकटाई भाजायची त्यात प्लास्टिक आणि फ्लक्स यांचा धूर कोंडणे तर मला मुळीच पटत नाही.

रीबॉलिंगचीही गत फारशी वेगळी नाही. त्यात चिप उचलून तिच्या खालचे, म्हणजे चिप आणि बोर्ड यांच्यामधले, सोल्डरचे मणी नवे बसवतात. या दोषात तडा बहुधा त्याहून वर, चिपच्या आतल्या कितीतरी बारीक गाठींत असतो आणि तिथे कोणाचाच हात पोचत नाही. जुनी चिप उचलताना ती तापते, म्हणून ती काही दिवस शहाण्यासारखी वागते आणि श्रेय नव्या मण्यांना मिळते. लॅमिंग्टन रोडवरच्या कारागिरांच्या हाताबद्दल मला शंका नाही, माझा पहिला संगणक तिथल्याच सुट्या भागांतून जोडला होता. परंतु कारागीर मुंबईचा असो वा रेडिंगचा, त्याला एकच प्रश्न विचारावा: नवी चिप बसवणार, की हीच पुन्हा बसवणार? हीच, असे उत्तर आले तर यंत्र परत घ्यावे.

ताई, कालच्या पत्रातील एक सूचना मात्र मी मागे घेतो. धूळ काढायलासुद्धा यंत्र तूर्त उघडू नका. का, ते आपल्या माजी खजिनदार वहिनी अधिक चांगले सांगतील, कारण धुलाई यंत्रावरून त्या एका दुकानाशी भांडून जिंकल्या आहेत.

ग्रंथालय विभाग

---

प्रेषक: माजी खजिनदार
दिनांक: २१ ऑगस्ट २०२४

ताई, नमस्कार.

दुकानाने आपल्याला जे सांगितले ते अर्धेच आहे. हमी हे उत्पादकाने आपखुशीने दिलेले वचन असते. ती संपली तरी कायद्याने दिलेला हक्क संपत नाही, आणि तो हक्क उत्पादकाकडे नव्हे तर ज्याने माल विकला त्या दुकानाकडे मागायचा असतो. ब्रिटनमध्ये १ ऑक्टोबर २०१५ पासून लागू असलेल्या ग्राहक हक्क कायद्याप्रमाणे विकलेली वस्तू समाधानकारक दर्जाची असावी लागते, आणि टिकाऊपणा हा त्या दर्जाचा भाग मानला आहे. इंग्लंड आणि वेल्समध्ये असा दावा सहा वर्षांपर्यंत करता येतो. अर्थात याचा अर्थ प्रत्येक वस्तू सहा वर्षे टिकलीच पाहिजे असा नाही. ११४९ पौंडांचा लॅपटॉप नीट वापरूनही तीन वर्षांच्या आत निकामी व्हावा का, एवढाच प्रश्न विचारायचा आहे.

अडचण पुराव्याची आहे. खरेदीनंतर पहिल्या सहा महिन्यांत दोष दिसला तर तो मुळात नव्हता हे सिद्ध करण्याची जबाबदारी दुकानाची असते, त्यानंतर ती आपल्यावर येते. म्हणून एखाद्या त्रयस्थ दुरुस्तीकाराकडून लेखी अहवाल घ्या. दोष ग्राफिक्स चिपचा आहे, पाणी सांडल्याची किंवा पडल्याची खूण नाही आणि यंत्र पूर्वी उघडलेले नाही, ही तीन वाक्ये त्यात असायलाच हवीत. काकांनी धुळीची सूचना मागे घेतली ती याचसाठी, आणि ओव्हनमधून निघालेल्या बोर्डावर तर असा अहवाल कोणीच देणार नाही.

मग दुकानाला पत्र लिहा, फोन करू नका. पत्रात हमी हा शब्दच आणू नका, नाहीतर त्यांचे ठरलेले उत्तर तयार असते. कायद्याचे नाव, खरेदीची तारीख, दोष, अहवालाची प्रत, दुरुस्तीची मागणी आणि उत्तरासाठी चौदा दिवस, एवढे पुरे. दुरुस्ती किंवा बदली एकदा देऊनही दोष राहिला, तर किमतीत सूट किंवा वापराचे पैसे वजा करून परतावा मागता येतो.

पैसे कसे भरले होते, हेही कृपया पाहा. क्रेडिट कार्डाने भरले असतील आणि वस्तूची किंमत १०० पौंडांहून जास्त व ३०,००० पौंडांपर्यंत असेल, तर १९७४ च्या ग्राहक पतपुरवठा कायद्याच्या ७५ व्या कलमानुसार कार्ड कंपनीही दुकानाइतकीच जबाबदार ठरते. डेबिट कार्डाला हे कलम लागू नाही. पावती मंडळाच्या नावावर नाही ना, याचीही खात्री करून घ्या, कारण ग्राहक हक्क कायदा व्यक्तीला संरक्षण देतो, संस्थेला नाही. आपण लॅपटॉप उत्सवाला उसना देता, म्हणून त्याने काही बिघडत नाही.

आपली,
माजी खजिनदार

---

प्रेषक: निमंत्रक, सांस्कृतिक समिती
दिनांक: २० ऑक्टोबर २०२४

सर्वांस स. न. वि. वि.

दोन महिने उत्तर लिहायचे राहिले, त्याबद्दल क्षमस्व. स्क्रीनशॉटमध्ये पट्टी जशीच्या तशी उमटली होती, बाहेरच्या मॉनिटरवरही ती दिसली आणि झाकण हलवून काहीच फरक पडला नाही. नवा ड्रायव्हर एक दिवस टिकला. स्वतंत्र ग्राफिक्स बंद केल्यावर मात्र दोन आठवड्यांत पट्टी एकदाही आली नाही. काकांनी सांगितल्याप्रमाणे एचडीएमआय त्याच क्षणी मुके झाले, त्यामुळे ७ सप्टेंबरच्या सगळ्या आरत्या ३८ पौंडांच्या अडॅप्टरवर पार पडल्या. 'सुखकर्ता दुःखहर्ता' पडद्यावर अर्धा सेकंद उशिरा उमटत होती, पण ती सर्वांना पाठच असल्याने कोणाच्या लक्षात आले नाही.

उत्सव झाल्यावर त्रयस्थ दुरुस्तीकाराचा अहवाल ६५ पौंडांत मिळाला आणि वहिनींनी सांगितलेली तिन्ही वाक्ये त्यात आली. दुकानाने पहिल्या पत्राला पुन्हा हमीचेच उत्तर पाठवले. दुसऱ्या पत्रात मी ७५ व्या कलमाचा उल्लेख करून त्याची प्रत कार्ड कंपनीलाही पाठवली. नऊ दिवसांनी दुकानाने लॅपटॉप मागवून घेतला आणि स्वतःच्या खर्चाने मदरबोर्ड बदलून दिला. अहवालाचे ६५ पौंड द्यायला ते अजून तयार नाहीत. त्यासाठी आज तिसरे पत्र टाकले आहे.

लॅपटॉप शुक्रवारी परत आला. काल तीन तास सलग व्हिडिओ चालवून पाहिला, पट्टी आली नाही. एचडीएमआयही पुन्हा चालते. तरीही ते अडॅप्टर मी मंडळाच्या कपाटात, समयांच्या खोक्याशेजारी, नाव लिहून ठेवले आहे. दिवाळीच्या कार्यक्रमाला जे कोणी प्रोजेक्टर लावतील, त्यांनी ते आधी एकदा जोडून पाहावे.

आपली,
निमंत्रक, सांस्कृतिक समिती