मऊ गाळात पण खुणा राहतात की
दादा, तुम्ही वर म्हणलात की समुद्रतळाचा गाळ चिखलावानी मऊ, मग पृथ्वीच्या कवचाची एक प्लेट दुसरीखाली सरकल्याच्या खुणा त्यात कशा राहतील. कामून राहणार नाहीत? जपानच्या २०११ च्या भूकंपात सरकलेला फॉल्ट (दोन प्लेट एकमेकींवर घासतात ती भेग) गाठायला २०१२ ला जपान ट्रेंचमध्ये (जपानजवळची समुद्रतळाची खोल दरी) जवळपास ६,९०० मीटर पाण्याखाली ड्रिलिंग केलं, तळाच्याही ८०० मीटर खालून माती वर काढली, तर ती खवल्याखवल्याची निघाली, खवले पॉलिश केल्यासारखे चकचकीत, आणि फॉल्टची जाडी किती तर ५ मीटरच्या आत!

मायक्रोस्कोपखाली चपटे मातीकण सरकण्याच्या दिशेनं एका ओळीत झोपलेले दिसतात. आता नुसत्या वरच्या वजनानं पण कण आडवे होतात, पण ते थराला धरून, थराला तिरप्या छेदणाऱ्या बारीक पट्ट्या दिसल्या की शिअर, म्हणजे माती घासत सरकलेली, समजायचं.

गंमत म्हणजे ती माती बहुतेक स्मेक्टाइट, म्हणजे आपल्या काळ्या रानातलंच खनिज. परभणीकडं विहीर खणताना खालचं ढेकूळ फोडून बघा, आतून तशीच चकाकी दिसते. फक्त आपल्याकडं ती माती फुगून-आकसून घासल्यानं येते, प्लेटचा काही संबंध नाही (किल्लारी पण प्लेटच्या कडेवर नाही, तिला उगं यात ओढू नका).