मदत हवी आहे: जुन्या सायकलच्या स्टिअरिंगला रिकम्बंट किट
रिकम्बंट म्हणजे मागे रेलून चालवायची सायकल. किटचा स्टेम (हँडल धरणारा भाग) २८.६ मिमी थ्रेडलेस, म्हणजे बिनआट्यांच्या, नळीवर बसणारा. सायकल जुनी, एक इंची आट्यांची. फोर्कची (पुढचं चाक धरणाऱ्या चिमट्याची) नळी बाहेरून २५.४, आतून २२.२. मधलं क्विल अडॅप्टर (नळीत घालून पाचरीने आवळायचा जोडतुकडा) बसतं, पण किट पेडलचा जोर पुढच्या चाकाला देणारं. दर पेडलला पायाचा जोर स्टेमला एका बाजूला ओढतो आणि आतली तिरपी पाचर सरकते. चाक सरळ, हँडल दोन बोटं वाकडं! बोल्ट अजून आवळला तर नळी आट्यांपाशी फुगते, मग स्टेम निघता निघत नाही.

त्यापेक्षा एक इंची थ्रेडलेस फोर्क आणि २८.६ची शिम (जाडी भरून काढणारं नळकांडं) बरी वाटते. क्राउन रेसची (फोर्कच्या बुडाशी बेअरिंग टेकतं त्या कडीची) जागा २६.४ मिमी आहे. फ्रेममधले जुने कप (बेअरिंगच्या वाट्या) ठेवून फक्त वरचा भाग थ्रेडलेस घेतला तर खेळ (ढिलेपणा) राहील का? शिमला फट असलेली घ्यावी की अखंड?