‘टू म्हणजे ला’ : हा तक्ता वर्गातून काढावा का?

तापीकाठची :

मी शिरपूर तालुक्यात माध्यमिक शाळेत मराठी शिकवते. हल्ली बऱ्याच वर्गांत एक तक्ता दिसतो. इन म्हणजे त, ऑन म्हणजे वर, फ्रॉम म्हणजे हून, टू म्हणजे ला. मुलं तो पाठ करतात आणि मराठीच्या वहीत लिहून आणतात, ‘आजीला बरं नव्हतं म्हणून आम्ही डॉक्टरला गेलो.’ त्याच मुलांच्या इंग्रजीच्या वहीत ‘आय वेन्ट टू होम’ असतं. दोन्ही चुका एकाच तक्त्यातून आल्या आहेत. हा तक्ता काढावा, असं माझं स्पष्ट मत आहे.

कुठे जातो, याला मराठीत एक रूप नाही. गावाला जातो, घरी जातो, शाळेत जातो, कामावर जातो, मामाकडे जातो. इंग्रजीत घर सोडलं तर सगळीकडे टू चालून जातो. आपल्याकडे रूप बदललं की गोष्टच बदलते. ‘ती विहिरीवर गेली’ म्हटलं तर डोक्यावरची कळशी दिसते; ‘ती विहिरीत गेली’ म्हटलं तर गाव धावत सुटतं. ‘देवाला गेले’ म्हणजे मनुदेवीला नाहीतर वणीच्या गडावर गेले, दर्शन घेऊन परत येतील. ‘देवाघरी गेले’ ते येत नाहीत.

‘कडे’चं काम तर फारच बारीक आहे. जागेच्या नावाला लागला तर तो फक्त दिशा सांगतो. ‘धुळ्याहून जळगावकडे निघाला’ म्हणजे त्या रस्त्याला लागला, एरंडोललाही थांबला असेल. माणसाला लागला की तोच ‘कडे’ मुक्काम सांगतो. ‘मामाकडे गेला’ म्हणजे मामाच्या घरात पोचला, आता जेवूनच येईल.

बोलताना हे सगळं आपल्या मुलांना बिनचूक येतं. लिहायला बसली की ती तक्त्याकडे बघतात. विरोधी मतं असतील तर जरूर मांडा.

बोरीकाठ :

ताई, मी अमळनेरला इंग्रजीचे वर्ग घेतो आणि माझा विरोध आहे. खेड्यातून आलेल्या मुलाला इंग्रजी वाक्यात पहिलं पाऊल टाकायला काहीतरी हातात द्यावं लागतं. टू आणि ला यांची जोडी वाटते तेवढी खोटी नाही. ‘गो टू पुणे’ पुण्याला जा. ‘गिव्ह टू सीता’ सीतेला दे. ‘केम टू ईट’ खायला आला. जाण्याचं ठिकाण, घेणारा माणूस आणि येण्याचा हेतू, तिन्ही ठिकाणी दोन्ही भाषांनी एकच चिन्ह वापरलं आहे. एवढं जुळत असताना ते मुलांपासून लपवायचं कशाला?

दुसरं, रूपं जास्त म्हणजे भाषा श्रीमंत, हे मला पटत नाही. तुर्कीत घरी जातो ‘एवे’, अंकाराला जातो ‘अंकाराया’, डॉक्टरकडे जातो ‘दोक्तोरा’, लग्नाला जातो ‘द्यूग्यूने’. ‘अंकाराया’तला य फक्त उच्चारासाठी येतो, प्रत्यय सगळीकडे तोच ए किंवा आ. तुर्कांचं काही अडत नाही. आपल्याकडेही ला पसरतो आहेच. ‘कचेरीत जातो’ म्हणणाऱ्यांची मुलं ‘ऑफिसला जातो’ म्हणतात. उद्या ‘डॉक्टरला जातो’ रुळलं तर ती भाषेची वाढच असेल.

तापीकाठची :

दादा, ‘ऑफिसला’चं कारण वेगळं आहे. लग्नाला, बाजाराला, क्लासला, ऑफिसला, या सगळ्यांत तिथे जे चालतं त्यासाठी आपण जातो. ‘कॉलेजला जातो’ म्हणणारा शिकायला जातो; ‘जरा कॉलेजात जाऊन येतो’ म्हणणारा बहुतेक दाखला आणायला. ला तिथे स्वतःचं काम करतो आहे, कुणाची जागा बळकावत नाही. डॉक्टर त्या रांगेत बसत नाही, कारण डॉक्टर माणूस आहे. ‘मी आईला जातो’ असं कुणी म्हणेल का?

जोडी जुळते म्हणता, तर ती कुठे तुटते तेही बघा. ‘रामाला पाहिलं’, ‘मला भूक लागली’, ‘आईला ताप आला’. इंग्रजीत एकाही ठिकाणी टू नाही. स्पॅनिश भाषा या बाबतीत आपल्याला जास्त जवळची आहे. ‘मारियाला पाहतो’ म्हणायला ‘वेओ आ मारीया’, आणि माद्रिदला जातो तेही ‘आ माद्रिद’. झाड पाहिलं तर तो ‘आ’ गळतो, जसा आपला ‘झाड पाहिलं’मधला ला गळतो. हे इंग्रजीत नाही. म्हणून तक्ता पाठ केलेला मुलगा ‘आय सॉ टू राम’ लिहितो.

अष्टाध्यायीचा विद्यार्थी :

चाळीसगावहून लिहितो आहे. या वादाचा एक भाग पाणिनीनेच हाताळला आहे. सूत्र २.३.१२ : गत्यर्थकर्मणि द्वितीयाचतुर्थ्यौ चेष्टायामनध्वनि. जाण्याच्या अर्थाच्या धातूंसोबत ठिकाणाला द्वितीया किंवा चतुर्थी, दोन्ही चालतात. ‘ग्रामं गच्छति’ बरोबर आणि ‘ग्रामाय गच्छति’ही बरोबर. पण दोन अटी आहेत. एक, शरीराची खरी हालचाल हवी. ‘मनसा हरिं व्रजति’, मनाने हरीकडे जातो, इथे चतुर्थी नाही. दोन, ज्यावरून जायचं तो रस्ताच कर्म असेल तर चतुर्थी नाही, ‘अध्वानं गच्छति’ एवढंच. रस्ता हे पोचायचं ठिकाण नव्हे, हा भेद त्या एका ‘अनध्वनि’त आहे. मला हे सूत्र फार आवडतं. जाणं म्हणजे नेमकं काय, याचा इतका थोडक्यात केलेला विचार मी दुसरीकडे पाहिलेला नाही.

लॅटिनमध्ये गावांच्या नावांपुढे काही लावत नाहीत. रोमला जायचं तर फक्त ‘रोमाम’, घरी जायचं तर ‘दोमुम’. देशांपुढे मात्र शब्दयोगी लागतो. इंग्रजीतलं ‘गो होम’ विचित्र वाटतं, पण घराला वेगळी वागणूक देणाऱ्या भाषा पुष्कळ आहेत. जर्मनांचंही घरासाठी ठरलेलं ‘नाख हाउझे’ आहे, आणि आपलं ‘घरी’ आहेच.

माणसाची गोष्ट तर त्याहून पक्की. फ्रेंच लोक डॉक्टरकडे जाताना ‘शे ल मेद्सँ’ म्हणतात. हा ‘शे’ लॅटिनच्या ‘कासा’पासून, म्हणजे घरापासून आला. तमिळमध्ये ‘डॉक्टरिडम्’, त्यातला इडम् म्हणजे जागा. हिंदीत ‘के पास’. जपानी माणूस मित्राकडे जाताना बऱ्याचदा ‘नो तोकोरो’ म्हणतो, मित्राची जागा. रशियनमध्ये शहरासाठी ‘व’, डॉक्टरसाठी ‘क’. माणूस म्हणजे ठिकाण नव्हे, म्हणून त्याच्यापर्यंत पोचायला मध्ये काहीतरी लागतं, असं इतक्या दूरदूरच्या भाषांना वाटलं आहे. तुर्कीला वाटलं नाही, तो तिचा मार्ग. ‘डॉक्टरला गेलो’ला माझाही विरोध आहे.

पण ताई, मराठीतली रूपं स्थिर आहेत असंही धरू नका. ‘काशीस गेला’, ‘पुण्यास गेला’ हा स आपल्या आजोबांच्या पत्रांत होता. बोलण्यातून तो गेला आणि ते काम ला करू लागला.

वावरमा :

ताई, दादा, सगळास्ले राम राम. साक्री तालुक्यातला आहे, घरची बोली अहिराणी. सर्वांना कळावं म्हणून पुढचं मराठीत लिहितो.

या तक्त्यात आमचं पोर कुठेच नाही, हा माझा आक्षेप आहे. ते घरून ‘माले, तुले, गावले, लगीनले’ घेऊन येतं. ‘वावरमा, घरमा’ घेऊन येतं. वर्गात त्याला सांगतात, टू म्हणजे ला. त्याच्यासाठी डावा रकाना परका आणि उजवाही अर्धा परका. ‘शाळामा गऊ’ (शाळेत गेलो) लिहिलं की लाल रेघ. ‘कथा जाय ऱ्हायना?’ (कुठे चाललास?) विचारलं तर ‘जळगावले’ असं तोंडावर उत्तर देणारं पोर वहीपुढे गप्प होतं. डॉक्टरला की डॉक्टरकडे, हा वाद त्याच्यापर्यंत पोचायला अजून वेळ आहे.

आमचा ले एकटा नाही. लेवा बोलीत आणि वऱ्हाडीतही ले आहे. मा गुजरातीशी जुळतो. इंग्रज काळातले अधिकारी ग्रिअर्सन यांनी भारतातल्या भाषांच्या सर्वेक्षणात मराठी सातव्या खंडात घातली आणि खानदेशी, म्हणजे आमची अहिराणी, मात्र नवव्या खंडाच्या तिसऱ्या भागात, १९०७ साली, भिली भाषांसोबत. अहिराणी मराठीची बोली की वेगळी भाषा, हा वाद तेव्हापासून चालू आहे. मला त्यात आज शिरायचं नाही. नेपाळीतही ‘घरमा’ आहे, हे कळलं तेव्हा मला मनापासून आनंद झाला. पण नेपाळी ‘मैले’ म्हणजे मी (केलं). मला म्हणायला ते ‘मलाई’ म्हणतात. दिसायला तोच ले, काम अगदी उलट.

तक्ता काढू नका. त्यात तिसरा रकाना घाला, अहिराणीचा.

केळीबाग :

रावेरहून. मुलांना सरळ चार ओळी वाचता येत नाहीत आणि इथे पाणिनी चालला आहे. डॉक्टरला लिहिलं की डॉक्टरकडे, अर्थ कळला ना? शिक्षकांनी आधी वाचनावर वेळ घालावा, असं माझं मत आहे.

नवापूर फलाट :

आमचं स्टेशन निम्मं महाराष्ट्रात, निम्मं गुजरातमध्ये. फलाटावर एकाच गाडीसाठी तीन वाक्यं ऐकू येतात. मराठी माणूस म्हणतो, ‘सुरतला जायचंय’. गुजराती म्हणतो, ‘सुरत जवुं छे’. हिंदी म्हणतो, ‘सूरत जाना है’. गुजराती-हिंदीत सुरतेला काहीच लागलेलं नाही. चिनी माणूसही ‘छ्यू पेइचिंग’ म्हणतो, नुसतं जा पेइचिंग. कोकणीत ‘हांव घरा वतां’ म्हणतात, घराचं सामान्यरूप तेवढं झालं, पुढे प्रत्यय नाही.

स्वाहिलीत घरात आहे, घरी जातो आणि घरून येतो या तिन्हींना ‘न्युम्बानी’ हे एकच रूप. दिशा सगळी क्रियापदात. आणि नीट बघितलं तर आपलं ‘घरी’ तसंच आहे. ‘घरी आहे’ आणि ‘घरी जातो’, रूप तेच. ‘शाळेत बसलो’ आणि ‘शाळेत गेलो’, त तोच. जर्मनमध्ये ‘इन देर शूले’ म्हणजे शाळेत असणं आणि ‘इन दी शूले’ म्हणजे शाळेत जाणं, तिथे फरक करावाच लागतो. म्हणून तापीकाठच्या ताईंना विचारतो, ‘घरी’ आणि ‘शाळेत’ ही जाण्याची रूपं आहेत असं तुम्ही का मोजता? ती असण्याची रूपं आहेत, जाणं ‘जातो’ सांगतो. जाण्यासाठी म्हणून मराठीत मुख्यतः ला आणि कडे, एवढेच उरतात.

बोरीकाठ :

नवापूरकर, तुमच्या मुद्द्याने माझीच बाजू भक्कम होते. खास जाण्याचा म्हणून ला उरत असेल, तर टू शिकवताना तोच द्यायला हवा.

केळीबागवाल्या भाऊंच्या म्हणण्यातही तथ्य आहे. कुठलं रूप कुठे, हे शेवटी रूढीवर असतं. हंगेरीत बुडापेस्टला जायचं तर ‘बुदपेश्त्रे’, म्हणजे शब्दशः बुडापेस्टवर. लंडनला जायचं तर ‘लोन्दोन्बा’, लंडनच्या आत. आपल्या देशातली बहुतेक शहरं ‘वर’, परदेशातली ‘आत’. फिनलंडमध्ये हेलसिंकीच्या आत जातात, पण ताम्पेरे शहराला वेगळा, ‘वर’कडचा प्रत्यय लागतो, दोन्ही त्याच देशातली असून. यात कसला तर्क शिकवणार? पोर ते ऐकून उचलतं. मराठी मुलाच्या कानात ‘मामाकडे’ आणि ‘विहिरीवर’ आधीच आहे, त्याला ते शिकवायचं कारण नाही. टू त्याच्या कानात नाही, म्हणून तक्ता हवा. तो इंग्रजीच्या तासाचा तक्ता आहे.

तापीकाठची :

इंग्रजीच्या तासाचा असता तर मला हा धागा काढावाच लागला नसता. तो दिवसभर भिंतीवर असतो आणि मराठीच्या वहीत उतरतो. आणि ‘कानात आहे’ म्हणून सोडून द्यायचं, हे मला मान्य नाही. कानात आहे ते वहीत आणणं हेच तर माझं काम आहे.

नवापूरकर, ‘घरी’ असण्याचं रूप असेलही. पण ‘घराला जातो’ चालत नाही आणि ‘गावात जातो’चा अर्थ ‘गावाला जातो’पेक्षा वेगळा होतो, गावाला जाणारा दुसऱ्या गावी जातो, गावात जाणारा आपल्याच गावच्या चौकात. ही निवड बोलणारा करतो, ती क्रियापद करत नाही. केळीबागवाले भाऊ, वाचनाची तळमळ मलाही आहे. पण ज्याला विहिरीवर आणि विहिरीत यांतला फरक दाखवून दिला, तो मुलगा पुढची ओळ लक्ष देऊन वाचतो, असं मी वर्गात पाहते.

मी सुट्या शब्दांऐवजी पाच पूर्ण वाक्यं लिहून घेते. गाव, घर, शाळा, काम आणि मामा. समोर त्यांची इंग्रजी वाक्यं. मुलांनी फरक स्वतः शोधायचा. वावरमा दादांचा तिसरा रकाना मला हवा आहे, पण माझी अहिराणी ऐकीव आहे. कुणी भरून देईल का?

वावरमा :

मी देतो ताई, पण माझी साक्रीकडची. तालुका बदलला की शब्द बदलतो, म्हणून एकट्याच्या भरवशावर भिंतीवर लावू नका. शिंदखेडा, पारोळा, चाळीसगावकडच्यांनी आपापली पाच वाक्यं इथेच टाका. केळीबागवाले भाऊ, तुम्ही रावेरकडची लेवा बोलीतली द्या. ‘मामाकडे’ आणि ‘कामावर’ ही दोन आधी हवीत, मला वाटतं फरक तिथेच निघेल.