सिरीजमधलं सायन्स थापा असतं म्हणणाऱ्यांसाठी

कोथरूडकर: परवा इथे एका सरांनी लिहिलं की सायन्स फिक्शन सिरीज म्हणजे निव्वळ थापा, पोरांना दाखवूच नका, फिजिक्स कच्चं राहतं. डोकंच फिरलं, म्हणून सविस्तर लिहितोय. 'द एक्सपान्स' बघा आधी. त्यातलं यान अर्ध्या वाटेपर्यंत वेग वाढवतं, मग गर्रकन उलटं फिरतं आणि उरलेली अर्धी वाट तेच इंजिन चालवून वेग कमी करतं, कारण तिथे ब्रेक लावायला ना हवा ना रस्ता. इंजिन चालू आहे तोवर माणसं जमिनीवर उभी राहतात, बंद पडलं की तरंगायला लागतात. न्यूटनचे नियम मी शाळेत नुसते घोकले होते, कळले ते ही सिरीज बघताना.

सदाशिवपेठी_सर: थापाच म्हणालो आणि परत म्हणतो. निर्वातात धडाम आवाज, लघुग्रहांच्या पट्ट्यात दगड चुकवत कसरती! खऱ्या पट्ट्यात दोन दगडांमध्ये लाखो किलोमीटर अंतर असतं, नासाचं पायोनियर १० यान १९७२-७३ मध्ये तिथून ओरखडा न लागता पार झालं. मी क्लास घेतो, अंतराळात स्फोट ऐकू येतो असं पोरं पेपरात लिहून येतात, मार्क कुणाचे जातात? आणि तुमच्या त्या इंजिनाला इतके दिवस पुरेल एवढं इंधन आलं कुठून ते सांगा की.

अनघा_कर्वेनगर: सर, इंधनाचं बरोबर आहे, ते गृहीतच धरलंय. पण एक गोष्ट गृहीत धरून बाकी सगळे नियम पाळले तर त्याला थाप कसं म्हणायचं? अल्कुबिएरे या भौतिकशास्त्रज्ञाने १९९४ मध्ये वॉर्प ड्राइव्हचं, म्हणजे अवकाशच वाकवून प्रकाशाहून वेगाने जाण्याचं, गणित आइन्स्टाइनच्या जनरल रिलेटिव्हिटीत बसवून दाखवलं. त्याला लागणारी ऋण (शून्याहून कमी) ऊर्जा कुणाकडेच नाही हे खरं, पण तो प्रश्न आज फिजिक्सवाले गंभीरपणे घेतात.

खोडद_रेडिओ: वॉर्प लांबची गोष्ट. मला राग येतो तो मंगळावरचा माणूस पृथ्वीवरच्याशी फोनवर बोलल्यासारखा बोलतो त्याचा. सिग्नलला एका बाजूने ३ ते २२ मिनिटं लागतात. १९ ऑक्टोबर २०१६ ला युरोपचं स्कियापरेली यान मंगळावर उतरत होतं, त्याचा क्षीण सिग्नल आपल्या जीएमआरटीने, म्हणजे नारायणगावजवळच्या खोडदच्या रेडिओ दुर्बिणीने, पकडला होता. उतरायला मिनिटभर असताना तो तुटला, म्हणजे इथे कळलं तेव्हा यान आपटून जवळपास दहा मिनिटं झाली होती. याच्यावर एपिसोड करा ना! आणि तिकडे येणाऱ्या पब्लिकला साधा मोबाईल बंद करायला सांगितला तर वाद घालतात.

नारायणगावचा_शेतकरी: मोबाईलचं काय घेऊन बसलात, तुमच्या त्या डिशपायी आमची पुणे-नाशिक रेल्वे गेली! जीएमआरटीचं कारण सांगून मार्ग शिर्डीकडून वळवला. आमचा टोमॅटो आयुष्यभर टेम्पोनंच न्यायचा का? चाकणच्या ट्रॅफिकमध्ये माझा अख्खा माल नासलाय. तुम्ही कोथरूडात एसीत बसून सिरीज बघा.

खोडद_रेडिओ: दादा, मीपण तिथलाच आहे, एसीत नाही बसलेलो. रेल्वेच्या वरच्या वायरीवर ठिणग्या उडतात, त्यातून रेडिओ नॉइज होतो. जीएमआरटीने पकडलेल्या, लांबच्या आकाशगंगेतल्या ज्या हायड्रोजनच्या सिग्नलची २०२३ मध्ये बातमी आली तो ८.८ अब्ज वर्षांपूर्वी निघालेला होता. शेजारून रेल्वे धडधडत असती तर तो ऐकू आला असता का?

नारायणगावचा_शेतकरी: अब्ज वर्षं थांबलेला सिग्नल अजून थोडा थांबला असता. माल दोन दिवस थांबत नाही.

अनघा_कर्वेनगर: असं कसं बोलता? अशी दुर्बीण दुसरीकडे उचलून नेता येते का? ४५ मीटरच्या ३० डिश आहेत!

सदाशिवपेठी_सर: विषय काय, चाललंय काय. बरं, ते उलटं फिरणारं यान तेवढं मी वर्गात दाखवीन, आवाज बंद करून. वॉर्प नाही. आणि दादा, रेल्वेच्या बाबतीत तुमचं दुखणं खरं आहे, पण दुर्बिणीवर राग काढू नका, पर्यायी मार्ग वेळेत का आखला नाही ते रेल्वेला विचारा.

नारायणगावचा_शेतकरी: विचारलं. उत्तर आलं नाही अजून.