जुनी स्पोर्ट्स कार घ्यायचीय : सांगलीतल्या हेराल्डबद्दल सल्ला हवा

यवतेश्वरचा_वारा
नमस्कार मंडळी. मी साताऱ्याचा, वय ४६. लहानपणी राजवाड्यासमोरून एक लाल, उघड्या टपाची गाडी जायची. कुणाची होती ते आजवर कळलं नाही, पण डोक्यातून गेली नाही. आता पोराचं शिक्षण संपलंय आणि बायको म्हणाली, "एकदाचं काय ते करून टाका." तिचं मन बदलायच्या आत विचारतोय.

आधी एमजी किंवा ट्रायम्फ स्पिटफायर या जुन्या इंग्लिश स्पोर्ट्स गाड्यांची चौकशी केली. आकडे ऐकून गप्प बसलो. आता सांगलीत गावभागातल्या एका वाड्यात १९६७ ची दोन दारांची स्टँडर्ड हेराल्ड मिळतेय. लाल, चकाचक, टप उघडा. मूळ मालक वारले, मुलं विकतायत. मागणी साडेचार लाख. रविवारी सकाळी यवतेश्वरचा घाट चढायचा, कासच्या रस्त्याला चहा प्यायचा आणि परत, एवढाच वापर. काय काय बघू?

चोक_ओढून_चालू
हेराल्ड स्पोर्ट्स कार कधीपासून झाली राव? ९४८ सीसीचं इंजिन आहे ते. यवतेश्वरच्या चढाला मागून दुधाचा टेम्पो हॉर्न मारेल.

लेथवाला_कुपवाड
चोकभाऊ, नातं बघा की. १९५९ ला इंग्लंडात ट्रायम्फ हेराल्ड आली, डिझाइन इटलीच्या मिकेलोत्तीचं. तिचीच चासी (खालचा सांगाडा) आखूड करून १९६२ ला स्पिटफायर काढली, तिचं डिझाइनही त्याचंच. पुढचं सस्पेन्शन, स्टिअरिंग सगळं एका घरातलं. आपल्याकडे मद्रासला १९६१ पासून स्टँडर्डच्या नावानं हेराल्ड बनायला लागली. स्पिटफायर परवडत नसेल तर तिची थोरली बहीण करायला काय हरकत आहे? अख्खं बॉनेट पुढं उलटतं, पुढच्या चाकावर बसून इंजिनचं काम करता येतं. माझ्यासारख्या पाठदुखीवाल्याला ही गाडी वरदान आहे.

आता वारेसाहेब, तुमच्या प्रश्नाकडं. रंग बघूच नका. या गाडीला वेगळी चासी आहे आणि वरची बॉडी तुकड्यातुकड्यांनी बोल्टवर बसवलेली आहे. छप्परसुद्धा बोल्टचंच. त्यामुळं साध्या गाडीचं छप्पर उतरवून "कन्व्हर्टिबल" म्हणून विकणं हा जुना उद्योग आहे. दारं उघडझाप करून बघा. वरची फट आणि खालची फट सारखी नसेल तर गाडी कंबरेत बसलीय. कापडी टप बसवायची सोय आहे का तेही बघा, नाहीतर जूनमध्ये छत्री घेऊन चालवाल.

मग जॅकवर उचला. चासीतून बॉडीला आधार द्यायला बाजूला हात निघालेत, त्यांना आउटरिगर म्हणतात. ते टोच्यानं टोचा. डिकीचा तळ टोचा. दाराखालचा पत्रा लोहचुंबकानं तपासा. चिकटत नसेल तर आत लांबी (पुट्टी) भरलीय. इंजिनाचं टेन्शन नको. हेड, बोअर, बुश, सगळं आमच्याकडं नाहीतर कोल्हापूरला उद्यमनगरात होतं. सडलेली चासी मात्र भल्याभल्यांना सरळ होत नाही.

कृष्णाकाठी
गावभाग म्हणजे नदीकाठची जुनी वस्ती, म्हणून माझा पहिला प्रश्न: २०१९ ला गाडी कुठं होती? कृष्णेवरच्या आयर्विन पुलाला पाणी ५७ फुटांवर गेलं होतं, इशारा पातळी ४० ची. २०२१ ला परत. त्या वाड्यांत गाड्या माडीवर नेऊन ठेवता येत नाहीत. पुराचा गाळ तांबूस-काळा, मऊ असतो आणि वाळला की सिमेंटसारखा बसतो. सीट धुता येते, कार्पेट बदलता येतं. पण हेडलाइटच्या वाटीत, डॅशबोर्डच्या मागं वायरिंगच्या गुंडाळीत आणि चासीच्या पोकळीत तो राहतोच. भोकात तार घाला, काय निघतंय बघा. आमच्या शेजाऱ्यांनी अशीच एक "एकदम कोरडी" गाडी घेतली. तीन महिन्यांत दाराच्या काचा वर जाईनात. दार उघडलं तर आत खत तयार.

जुना_चालक
सर्वांनी चांगलं सांगितलं, पण जीवावर बेतणारी गोष्ट राहिली. ट्रनियन. पुढच्या चाकाच्या तळाशी ब्राँझचा एक तुकडा असतो, त्याच्या आट्यांत स्टीलचा उभा दांडा फिरतो. स्टिअरिंग फिरवलं की ते आटे फिरतात. तिथं ९० नंबरचं गिअर ऑइल घालायचं असतं. आपले मिस्त्री सवयीनं ग्रीस भरतात. ग्रीस आट्यांत नीट पोचत नाही, पाणी शिरतं, दांडा आतून गंजतो आणि एक दिवस मोडतो. माझ्या मामांच्या गाडीचं पुढचं चाक असंच वळताना आडवं पडलं. वेग दहाचा होता म्हणून बरं. विक्रेत्याला एवढंच विचारा, "ट्रनियनला काय घालता?" उत्तरावरून सगळं कळेल.

दुसरं, घाट उतरताना. मागची चाकं स्वतंत्र आहेत, दोघांना मिळून स्प्रिंगचा एकच आडवा पाटा. वळणात जोरात शिरून घाबरून ॲक्सिलरेटर सोडला की मागची चाकं आत दुमडायला बघतात. वेग वळणाच्या आधी कमी करायचा, वळणात नाही.

फाइलवाली
कागदांचं कुणीच बोललं नाही! एमएचच्या आधीचा तीन अक्षरी नंबर असेल तर नोंद ऑनलाइन आहे का ते आधी आरटीओत विचारा. मालक वारलेत, म्हणजे आधी वारसाच्या नावावर, फॉर्म ३१. सगळ्या भावंडांची संमती हवी. चासी नंबर स्वतः कागदाशी ताडून बघा.

५० वर्षांवरच्या गाड्यांसाठी २०२१ पासून व्हिंटेज नोंदणी आहे, नव्या नोंदणीची फी २० हजार. पण ती गाडी रॅली, प्रदर्शन, दुरुस्ती, पेट्रोल यांसाठीच रस्त्यावर आणायची. चहासाठी कास त्यात बसत नाही. म्हणून पुनर्नोंदणी चालू असेल तर ती सोडू नका, आणि मुदत कधी संपते ते आत्ताच बघा.

ऊसवाला_वाळवा
आमच्या उसाचं इथेनॉल आता तुमच्या टाकीत येणार, त्याबद्दल आगाऊ क्षमस्व. इ-२० म्हणजे वीस टक्के इथेनॉलच्या पेट्रोलनं जुने रबरी पाइप आणि पंपाचा डायफ्राम (आतला पडदा) फुगतो, गाडी उभी राहिली की टाकीत पाणी धरतं. पाइप इथेनॉल सोसणारे घाला आणि महिनाभर उभी ठेवू नका.

चोक_ओढून_चालू
त्यापेक्षा गोव्यात बनलेली सॅन स्टॉर्म शोधा. खरीखुरी दोन सीटची, फायबरची बॉडी, गंजायचा प्रश्नच नाही.

लेथवाला_कुपवाड
आणि काच फुटली की? ती लेथवर होत नाही.

यवतेश्वरचा_वारा
रविवारी जाऊन आलो. लेथवाले दादा स्वतः टोच्या घेऊन आले, त्यांचे आभार कसे मानू कळत नाही (भडंग पोचवतोय). छप्पर उतरवलेलंच आहे, मूळ छप्पर माळ्यावर सापडलं. डाव्या बाजूचे दोन आउटरिगर गेलेत, तारेला गाळ आला. ट्रनियनला काय घालता विचारल्यावर धाकटा मुलगा म्हणाला, "ते काय असतं?" इंजिन मात्र दुसऱ्या सेल्फला सुरू झालं आणि आवाज ऐकून माझं जे व्हायचं ते झालं. पावणेतीन लाख सांगून आलोय, छप्परासकट. थोरला भाऊ पुण्यात आहे, त्याची सही अडलीय.

जुना_चालक
सही झाली तरी सांगलीहून साताऱ्याला चालवत नेऊ नका. सव्वाशे किलोमीटर आहे आणि ट्रनियन कोरडे आहेत. टेम्पोत चढवा.

चोक_ओढून_चालू
दुधाचा चालेल का?